खडकीच्या स्वयंपाकघरापर्यंत

पुण्याहून परतल्यापासून दारव्ह्यात जो भेटतो तो एकच विचारतो, "काय काय पाहिलं?" त्याला वाटतं मी शनिवारवाडा सांगीन, पर्वती सांगीन, नाहीतर आयटीच्या काचेच्या इमारती तरी सांगीन. पर्वती मी बसमधून पाहिली, तीही अर्धीच, कारण पुढच्या बाईंनी खिडकीला छत्री टेकवून ठेवली होती. आठवडाभरात मी पाहिली ती लोकांची स्वयंपाकघरं. त्यांतल्या खडकीच्या एका स्वयंपाकघराबद्दल लिहिल्याशिवाय मला स्वस्थ बसवणार नाही. तसं मला स्वस्थ बसवत नाहीच. तीस वर्षं शाळेत हिंदी शिकवलं, त्यात खुर्चीत बसून घेतलेले तास बोटांवर मोजण्याइतके असतील.

आमचं घर महानुभाव. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. पायाखाली मुंगी सापडली तरी आजोबा दिवसभर हळहळत. बारा वर्षांपूर्वी गावात मिरवणुकीवरून दगडफेक झाली, तेव्हा मी आणि शिंपीकाम करणारे हमीदभाई, असं आम्ही दोघांनी मिळून पहिलं शांतिपथक काढलं. एका पथकात दहा-बारा माणसं, निरनिराळ्या धर्मांची. आठवड्यातून एकदा एकत्र बसून जो तो आपापली प्रार्थना म्हणतो, आणि सणावाराला सगळे मिळून गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात. पथकात येण्याचा नियम एकच, आणि तो मी केलेला. दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या घरी, त्याच्या घरात शिजलेलं जेवायचं, आणि त्याला आपल्या घरी जेवू घालायचं. यातलं एक जेवण झालं की मगच वहीत नाव, दुसरं सवडीने. ज्याच्या घरी जेवलो त्याच्या दारावर दगड पडताना माणूस आत बसून राहत नाही, एवढाच माझा विचार होता. वहीत नावापुढे 'जेवण' असा रकाना आहे. तो भरल्याशिवाय मी कुणालाही पथकात घेतलेलं नाही, तहसीलदारांच्या बायकोलासुद्धा नाही.

माझी भाची प्राजक्ता पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या वर्षी शहराच्या एका भागात लाउडस्पीकरवरून बाचाबाची झाली, चार काचा फुटल्या, आणि तिच्या ऑफिसातल्या मुलामुलींना वाटायला लागलं की आपण काहीतरी करायला हवं. "मावशी, तू ये आणि तुझं मॉडेल समजावून दे," ती फोनवर म्हणाली. मी वही घेतली, दोन पातळं घेतली आणि निघाले. सण दोन आठवड्यांवर आला होता. वारजे, सदाशिव पेठ आणि खडकी अशा तीन ठिकाणी पथकं काढायची आणि रविवारी तिन्हींची एकत्र प्रार्थना, असं ठरवलं होतं, म्हणजे पथकं उभी करायला माझ्या हातात फक्त सहा दिवस.

वारजे

प्राजक्ताचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. खाली वाळूचे ढीग, समोर तीन अर्धवट इमारती, आणि त्यांच्यामागे एक डोंगर, तोही किती दिवस राहील कोण जाणे. फ्लॅटमध्ये तीन मुली राहतात. स्वयंपाकघराचा ओटा इतका चकचकीत की मला आधी कौतुक वाटलं. मग पाहिलं तर ओट्यावर इस्त्री, शाम्पूच्या बाटल्या आणि इंटरनेटची वायर. शेगडी नाही.

"अगं, स्वयंपाक कुठे करता?"

"करतच नाही. कदमकाकूंचा डबा येतो."

संध्याकाळी तिचे मित्र जमले. थॉमस केरळचा, गुरप्रीत नागपूरचा, झीनत भोपाळची, आणि अकोल्याची दोन मुलं. त्यांनी भिंतीवर मोठा कागद लावून माझ्या बारा वर्षांच्या कामाचे सात चौकोन केले होते. चौकोनांत बाण. टीम लीड कोण, डेडलाइन कुठली, रिस्क काय. मला बरं वाटलं आणि रागही आला. प्रार्थना त्यांनी चौथ्या चौकोनात टाकली होती, वेळ पंधरा मिनिटं.

नियम ऐकल्यावर थॉमस हसला. "आंटी, हम सब तो दो साल पहले ही पास हो गये. हम सबका चूल्हा एक ही है, कदमकाकू."

सगळे हसले. मी हसले नाही. डबा म्हणजे घर नव्हे, तुम्हीच रांधा आणि एकमेकांना वाढा, असं मी ठणकावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी झीनतने कुठून तरी विजेची शेगडी आणली आणि खिचडी टाकली. दहा मिनिटांत फट्‌ असा आवाज झाला आणि अख्ख्या मजल्याची वीज गेली. वॉचमन वर आला. त्याच्यामागे समोरच्या फ्लॅटमधल्या जोगळेकरबाई आल्या. त्या या मुलींशी वर्षभरात एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"नवीन प्रयोग का?" त्यांनी विचारलं. "की वायरिंग तपासत होतात?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी अर्धकच्च्या खिचडीत चमचा घालून पाहिला, पातेलं उचललं आणि आपल्या गॅसवर नेऊन ठेवलं. ती खिचडी आम्ही नऊ जणांनी त्यांच्याच घरी खाल्ली. मुलांच्या नावांबरोबर जोगळेकरबाईंचंही नाव मी वहीत लिहिलं. आमच्याकडे पाहुणा दारात दिसला की आधी तांब्याभर पाणी येतं, मग प्रश्न. इथे आधी प्रश्न येतात. पण तूपही आलं, हे सांगायला हवं.

सदाशिव पेठ

भागवतसर निवृत्त मुख्याध्यापक. पेठेतली सात-आठ निवृत्त मंडळी त्यांच्या शब्दावर चालतात, म्हणून मी त्यांना गाठलं. अकराची वेळ दिली होती, मी पावणेअकराला पोचले. त्यांनी दार उघडलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसा. अकरा वाजले की बोलू."

तो पाव तास मी कसा काढला ते मलाच माहीत. दोनदा उठून त्यांच्या पुस्तकांच्या कपाटापाशी जाऊन आले. ते पेपर वाचत होते. बरोबर अकराला त्यांनी पेपरची घडी घातली आणि माझं सगळं म्हणणं नीट ऐकून घेतलं. मधेच तोडलं नाही.

"म्हणजे आपलं म्हणणं असं, की मी परक्याच्या घरी जेवायला जायचं. या वयात. आमच्याकडे सख्ख्या भावाकडे जायचं तरी चार दिवस आधी कळवतो."

"तुम्हीही कळवून जा."

"आणि प्रार्थना?"

"तुमची तुम्ही म्हणायची, त्यांची ते म्हणतील."

"वादविवाद नाही?"

"नाही."

"तसं असेल तर आमची मंडळी येतील की नाही शंका आहे," ते म्हणाले. मग त्यांनी आतून डायरी आणली आणि गुरुवारी साडेबाराची वेळ लिहून घेतली. रास्ता पेठेतल्या एका ख्रिस्ती शिक्षिकेकडे ते खरंच गेले, आणि परत येऊन मला फोन केला. "वरणात मीठ कमी होतं, पण स्वभावाने बाई चांगल्या आहेत, आणि पुढच्या गुरुवारी त्या सहकुटुंब आमच्याकडे येणार आहेत." एवढं बोलून फोन ठेवला. पेठेचं पथक झालं.

खडकी

आता राहिली खडकी, आणि माझा जीव तिथेच टांगणीला लागला होता. खडकीत सगळं एका बाईवर होतं, ती रिझवाना. तिची धाकटी बहीण प्राजक्ताच्या ऑफिसात काम करते. रिझवाना घरी शिवणाचे वर्ग घेते, गल्लीतल्या निम्म्या मुली तिच्या हाताखाली तयार झाल्या आहेत. गेल्या वर्षी गल्लीच्या दोन्ही टोकांना पोरं जमायला लागली, तेव्हा तिने प्लास्टिकची खुर्ची मधोमध टाकली आणि कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत बसून राहिली. उठायला तयारच नाही. हळूहळू पोरं पांगली. ती आली तर तिच्यामागे दहा बायका येणार होत्या. ती आली नाही तर खडकीचं पथक कागदावरच राहणार होतं, आणि खडकीवाचून बाकीच्या दोन पथकांनी एकमेकांचं कौतुक करण्यापलीकडे फारसं काही केलं नसतं.

शुक्रवारी दुपारी तिने जेवायला बोलावलं. शिवाजीनगरहून लोकलने एकच स्टेशन. तेवढ्यातही मी बसले नाही, दारापाशी उभी राहिले. रिझवानाचा नवरा सलीम घ्यायला आला होता. तो दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे, त्याची दुसरी पाळी होती. शांतिपथकवाल्या बाईला घ्यायला दारूगोळ्याच्या कारखान्यातला माणूस आला, याची गंमत त्यालाही कळली असावी, कारण वाटेत तो म्हणाला, "ताई, आमच्याकडं सगळं शांत असतंय. आवाज करायचा तर आधी परवानगी लागते." लष्कराच्या हद्दीतले रस्ते इतके झाडलेले की रुमाल पडला तरी लाज वाटावी. ते संपले की एकदम दाटी. कौलारू चाळी, दारात ड्रम, दोरीवर खाकी कपडे.

रिझवाना माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, उंच, बोलताना सरळ डोळ्यांत पाहणारी. तिने मला बाहेरच्या खोलीतच बसवलं आणि ताट आणलं. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर, वाटीत श्रीखंड. ताट कोरं, कडेला दुकानाचं स्टिकर अर्धं निघालेलं. मी पोटभर जेवले. मनापासून जेवले. भाजीचं कौतुक केलं, मसालेभात दुसऱ्यांदा घेतला. मग हात धुऊन पिशवीतून वही काढली आणि तिचं नाव लिहायला पेन उघडलं.

"थांबा ताई," ती म्हणाली. "नाव नका लिहू."

"का गं?"

"तुमचा नियम सांगितलाय प्राजक्तानं. घरात शिजलेलं पाहिजे ना? हे माझ्या घरातलं नाही. बाजारातल्या खानावळीतनं आणलंय. प्राजक्ताचा फोन होता, मावशी एकदम प्युअर व्हेज आहे, जरा सांभाळून घ्या. मग म्हटलं उगीच तुमचा जीव नको घाबरायला. ताटवाट्यापण काल नव्या घेतल्या."

आधी मला काय वाटलं ते लिहायलाच हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. जेवताना मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी आखडून बसलं होतं, ते एकदम सैल झालं. आणि मग लाज वाटली.

"अगं, पण भावना तर..." मी सुरू केलं.

"भावना आहेच. पण नियम तुमचा आहे. तुम्हीच मोडला तर मी दहा जणींना काय सांगू?"

तिने रागाने म्हटलं नव्हतं. तिने बडीशेप पुढे केली. मी वही मिटली आणि पिशवीत टाकली. सलीमने मला स्टेशनवर सोडलं आणि वाटेत पावसाचं बोलत राहिला, तेही बरंच झालं.

शनिवार

सकाळी साडेसहाला मी वारज्याच्या हायवेच्या कडेने चालत सुटले. कंपन्यांच्या गाड्या रात्रपाळीची पोरं घरी सोडत होत्या. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. खानावळीच्या त्या भाजीची चव मला ओळखीची वाटली होती. भाजी सारखी नव्हती, पण तिच्यातली काळजी सारखी होती. माझ्यासाठी कमी तिखट, माझ्यासाठी वेगळी. अशी भाजी मी आधी पुष्कळ ठिकाणी खाल्ली होती.

एसटीडी बूथ उघडल्या उघडल्या मी दारव्ह्याला हमीदभाईंना फोन लावला.

"हमीदभाई, एक विचारते, खरं सांगा. बारा वर्षांत तुमच्या घरी मी जेवायला येते, ते कुठं शिजतं?"

मीटरचे आकडे पळत होते.

"आता काय सांगू तुम्हाले, बाई," ते म्हणाले. "शेजारच्या देशमुखवहिनीकडून करून आनतो आमी. पयल्यापासूनच. आमच्या घरची म्हने, बाईले आपल्या भांड्यातलं चालन का नाही, काहून तकलीफ द्या. तुमी आनंदानं जेवत होत्या."

"आणि बाकीची घरं?"

"त्याहीले आमीच सांगितलं होतं. बाई आली का देशमुखवहिनीले सांगा म्हनून."

मी फोन ठेवला. बूथवाल्याने सुटे परत दिले ते मी घेतलेच नाहीत, तो मागून हाका मारत राहिला. बारा वर्षं मी वही काखेत मारून फिरले, लोकांच्या जेवणाचे रकाने भरले, कुणी आढेवेढे घेतले तर त्यांना सुनावलं. आणि त्या सगळ्या वर्षांत माझी स्वतःची पाटी कोरी होती. माझ्या आनंदासाठी अख्खं गाव गुपचूप देशमुखवहिनींच्या दारी जात होतं. मला हमीदभाईंचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग फक्त रडू आलं. रडतच मी शिवाजीनगरची बस पकडली.

खडकीला पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. फोन केला नव्हता. दार उघडंच होतं, बाहेरच्या खोलीत दोन मुली मशीनवर वाकलेल्या.

"रिझवाना, आज तुझ्याकडे जे शिजलंय ते वाढ," मी म्हटलं. "तुझ्या ताटात."

तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मुलींना म्हणाली, "जा गं, जेवून या." मग मला आत नेलं.

स्वयंपाकघर लहान, खिडकीपाशी दोन शेगड्यांचा गॅस. एकीवर वरण उकळत होतं, दुसरीवर खिमा. वास खोलीभर. मी खाली बसले आणि श्वास तोंडाने घ्यायला लागले, कुणाला कळणार नाही असा. तिने रोजचं ॲल्युमिनियमचं पातेलं पुढे ओढलं, रोजच्या कडा दबलेल्या ताटात भात वाढला, वरण घातलं, वर तूप. खिम्याच्याच डावाने की दुसऱ्या, ते पाहायचं नाही असं ठरवूनही मी पाहिलं.

पहिला घास गिळला. दुसराही गिळला. वरण चांगलं होतं, मेथ्यांची फोडणी होती. तिसरा घास तोंडाशी नेला आणि तिथेच थांबला. मी हात खाली घेतला. भात चिवडत राहिले. ती ओट्याला टेकून उभी होती, हाताची घडी घालून.

"ताई, छान झालंय असं म्हणू नका," ती म्हणाली.

"नाही म्हणत."

"जात नाहीये ना?"

माझ्याकडे उत्तरं होती. कालपासून पोट ठीक नाही, सकाळी नाष्टा जास्त झाला, प्रवास मानवला नाही. तिन्ही एकदम ओठांवर आली.

"नाही जात," मी म्हटलं. "मला लाज वाटते रिझवाना, पण नाही जात. आमच्या दारव्ह्यातही मी कुणाच्या घरचं कधी खाल्लं नव्हतं, हे मला आज सकाळी कळलं. बारा वर्षं मी सगळ्यांना शिकवत होते."

तिने खिम्याखालचा गॅस बंद केला, खिडकी उघडली. मग माझ्यासमोर खाली बसली आणि ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

"चौदा वर्षं झाली मला या गल्लीत येऊन," ती म्हणाली. "शेजारच्या वहिनी रोज येतात, चांगल्या आहेत, माझ्या बाळंतपणाला रात्रभर बसल्यात. पण काही पुढं केलं की उपास असतो. कधी सोमवार, कधी चतुर्थी. काहीच नसलं तर पोट बिघडलेलं असतं. मी पण विचारणं सोडून दिलं. चौदा वर्षांत एकीनंसुद्धा मला तोंडावर सांगितलं नाही, की बाई गं, मला जात नाही."

एवढं बोलून ती माझ्याच ताटातला वरणभात कालवून खायला लागली. तिला भूक लागली असावी. मी समोर बसून राहिले. सबंध प्रवासात एका जागी गप्प बसलेली तेवढीच.

ताट संपवून तिने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "वही द्या इकडं."

मी दिली. तिने स्वतःच्या हाताने, सावकाश, आपलं नाव लिहिलं. मग 'जेवण' या रकान्यावर पेन टेकवून थांबली.

"इथं काय लिहू?" तिने विचारलं.

"तूच सांग."

"दोन घास," ती म्हणाली, आणि तेवढंच लिहिलं.